बंद टॉवरखालच्या शांततेला 'मागणी कमी' म्हणू नका

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली
आणि महाराष्ट्र-गोवा परिमंडळात मोबाइल सेवा देणाऱ्या सर्व कंपन्यांचे परिमंडळ प्रमुख यांस,

स.न.वि.वि.

या फेब्रुवारीत आमच्या भागातल्या एका मोबाइल कंपनीनं एकापाठोपाठ एक तीन गोष्टी केल्या. तालुक्याच्या गावातलं सेवा दालन बंद केलं. कस्टमर केअरला फोन लावला की आता माणसाऐवजी 'स्मार्ट सहायक' बोलतो. आणि सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरच्या टॉवरांची देखभाल करणाऱ्या मुलाच्या गळ्यात शेजारचे आणखी दोन तालुके घातले. त्याला कारण असं सांगितलं की बिघाड आता एआयला आधीच कळतो, जागेवर माणूस असण्याची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हे एका कंपनीचं भांडण ठरेल आणि बाकीच्यांना वाटेल, आपण सुटलो. कोणी आज, कोणी सहा महिन्यांनी, पण वाट सगळ्यांनी हीच धरली आहे.

मी कोण ते सांगते. देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या अंगाला आमचं गाव. तिथं मी सेवा केंद्र चालवते. याच खोलीत सासऱ्यांचा एसटीडी बूथ होता; लाल आकड्यांचं मीटर अजून माळ्यावर पडलेलं आहे. बूथ गेला, झेरॉक्स आली, रिचार्ज आलं, आणि आता सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डाची ई-केवायसी, फळपीक विमा सगळं इथंच होतं. यातली बहुतेक कामं ओटीपीपाशी येऊन थांबतात. रेंज गेली की माझा धंदा बसतो, हे खरंच आहे, पण या पत्रात ती बाब लहान. खालच्या वाडीतून चढण चढून आलेल्या म्हातारीला "काकी, आज नाही व्हायचं, उद्या या" असं सांगायचं आणि उद्याचीही खात्री नसायची, ही मोठी बाब.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. आमच्याकडे या आकड्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. घरटी एकदोन माणसं मुंबईला, मागे बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर आणायचा, आता पैसे फोनवर येतात. औषध कुठलं घ्यायचं ते फोनवर, मयताची खबर फोनवर, पोराचा पगार झाला की नाही तेही फोनवर. इतकं सगळं ज्या एका टॉवरवर लोंबकळतंय, त्याच्याबद्दलचे निर्णय आता यंत्र घेऊ लागलं आहे. त्या यंत्राला आमच्याबद्दल काय माहीत आहे, एवढंच मला विचारायचं आहे.

एआयला माझा विरोध नाही. मी स्वतः अर्जाचा मसुदा करायला ते वापरते. गावातल्या निवृत्त मास्तरांना 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांचा फोन आला होता. तसल्या फोनवर आधीच इशारा उमटत असेल तर त्याचं स्वागतच आहे. सिमकार्डासाठी दिलेले फोटो पडताळून बनावट जोडण्या शोधणारी 'अस्त्र' ही सरकारी प्रणाली आहे. तिच्या मदतीनं ८७ कोटींहून जास्त जोडण्या तपासल्या आणि ३६ लाखांहून जास्त बंद केल्या, असं मे २०२३ मध्ये सरकारनं जाहीर केलं. इतक्या फोटोंचा ताळा माणसांनी कधी केला असता? तेव्हा हे पत्र 'जुन्या वळणाच्या बाईची तक्रार' म्हणून बाजूला ठेवू नये.

टॉवरवाल्या मुलाशी आणि एका मोबाइल कंपनीत नोकरी केलेल्या माझ्या भाच्याशी बसून बोलल्यावर मला जे कळलं ते असं. प्रत्येक टॉवर मुख्यालयाला सतत इशारे पाठवत असतो: वीज गेली, बॅटरी उतरली, जनरेटरचं डिझेल संपत आलं, यंत्रखोली तापली, फायबर तुटली. परिमंडळभरातून असे इशारे अखंड येत राहतात आणि त्यातला मूळ बिघाड कुठला हे निवडायला माणसं अपुरी पडतात. तिथं एआय उपयोगी पडतं. तेच पुढं कुठल्या टॉवरवर केव्हा किती वापर होणार याचा अंदाज बांधतं, वापर कमी असेल तेव्हा टॉवरचे काही भाग झोपवून वीज वाचवतं, कुठली दुरुस्ती आधी करायची आणि नवा खर्च कुठं करायचा याचा क्रम लावतं. आणि फोनवर ग्राहकाशी बोलतं.

ही सगळी कामं ते मागच्या नोंदी वाचून शिकतं. गोम इथंच आहे.

आमचा टॉवर जूनमध्ये बंद पडतो. कधी महावितरणची लाईन पडलेली असते, कधी हायवेच्या कामात जेसीबीनं केबल तोडलेली असते, कधी नुसती बॅटरी मेलेली असते. टॉवर बंद, म्हणून त्याच्याखाली एकही कॉल होत नाही. कॉल होत नाही, म्हणून कस्टमर केअरलाही लागत नाही. चार दिवस गाव मुकं असतं, आणि त्या चार दिवसांत तक्रारींच्या रकान्यात काहीच पडत नाही. टॉवर सुरू झाला की लोक आधी मुंबईला फोन करतात, कंपनीला नाही. कंटाळून काही जण सिम बदलतात, काही जण दुसऱ्या कंपनीचं सिम फक्त पावसाळ्यापुरतं घालतात. वर्षअखेरीस यंत्रापुढं जाणारी नोंद काय सांगते? वापर कमी, तक्रारी नगण्य, ग्राहक घटते. यावरून शिकलेल्या यंत्रानं आमचा टॉवर यादीत खाली ढकलला, तर ते हिशेबाला धरूनच वागलं म्हणायचं. पुढच्या पावसात दुरुस्ती आणखी उशिरा येते, लोक आणखी कमी वापरतात, नोंद आणखी वाईट होते. एखाद्या हुशार इंजिनिअरलाही ही चूक कागदावर दिसणार नाही. कागद बरोबरच असतो. सड्यावर येऊन उभं राहिलं तरच कळतं की खाली तीन वाड्या आहेत, माणसं आहेत, आणि त्यांना बोलायचं आहे.

आता तक्रार नोंदवायचं म्हटलं तर काय होतं, तेही ऐका. गेल्या महिन्यात टॉवर बंद असताना मी सड्याच्या टोकाला जाऊन दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून तक्रार करायला गेले. स्मार्ट सहायकानं विचारलं, कुठल्या क्रमांकाबद्दल तक्रार आहे. मी गावातला क्रमांक सांगितला. तो म्हणाला, त्या क्रमांकावर आलेला ओटीपी सांगा. ज्या फोनला रेंज नाही म्हणून मी तक्रार करतेय, त्याच फोनवर तो मला ओटीपी पाठवत होता. माणूस असता तर आम्ही दोघं हसलो असतो आणि त्यानं तक्रार लिहून घेतली असती. पुढं टॉवर सुरू झाल्यावर पहिला मेसेज आला तो असा: आमच्या सेवेचा आपला अनुभव कसा होता, एक ते पाचमध्ये गुण द्या.

एकदा नोंदवलेली तक्रार यंत्र परस्पर बंदही करतं. टॉवर दहा मिनिटं उठला, परत झोपला. दरम्यान 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज निघून गेलेला असतो. मग नवी तक्रार, नवा क्रमांक. २०१२ च्या ट्रायच्या नियमांप्रमाणे तक्रारीचं समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि ३९ दिवसांत निकाल मिळायला हवा. नियम चांगला आहे. पण अपील करायला एक जिवंत तक्रार लागते. इथं एकाच बिघाडाच्या पाच तक्रारी होतात आणि पाचही 'सुटलेल्या' असतात.

भाषेचं काय होतं तेही सांगते. सहायक मराठी बोलतो, छान बोलतो. पण आमच्या शेजारच्या काकी मालवणीत बोलतात. "चार दीस झाले, रेंज नाय. टावर बंद पडलो काय?" असं त्या म्हणाल्या, तर सहायकानं त्यांना डेटा पॅकच्या नव्या योजना वाचून दाखवल्या. परत म्हणाल्या, परत योजना. तिसऱ्या वेळी फोन कट. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं यंत्रासाठी पुस्तकी मराठी शिकावी अशी तुमची अपेक्षा असेल तर तसं लेखी कळवा, मी केंद्रात वर्ग घेईन. माणसानं उचललेल्या कॉलसाठी ट्रायचा निकष आहे: ९५ टक्के कॉल ९० सेकंदांच्या आत घेतले गेले पाहिजेत. मेनूत माणसाचा पर्यायच सापडत नसेल तर हे ९० सेकंद मोजायचे कुठून?

विजेच्या बचतीबद्दल. रात्री वापर कमी असतो म्हणून टॉवरचे काही थर, म्हणजे वेगवेगळ्या लहरींवर चालणारे भाग, झोपवतात. तुमचे तज्ज्ञ सांगतील की एक थर कायम चालूच असतो, सेवा तुटत नाही. शहरात ते खरं असेल. तिथं एक झोपला तर शेजारचा टॉवर पाचशे पावलांवर असतो. आमचा शेजारचा टॉवर खाडीपलीकडे आहे, मध्ये डोंगर आहे. टॉवर वर कातळावर आणि घरं खाली घळीत, माडांच्या आडोशाला, हे इथलं सर्रास चित्र. जो थर तुम्ही 'पुरेसा' म्हणून ठेवता तो घळीत उतरेपर्यंत किती उरतो, हे कोणी येऊन मोजलं आहे का? शिवाय आमची रात्र तुमच्या रात्रीसारखी नाही. होड्या पहाटेच्या आधी बाहेर पडतात, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, निघण्यापूर्वी हवामान बघतो आणि बंदरावर फोन करतो. दशावतार रात्री सुरू होतो आणि उजाडता संपतो. १०८ ला फोन करायची वेळ रात्रीच का येते, हे देव जाणे, पण येते.

सणांबद्दल एक प्रश्न आहे, खोचक नाही. २०२५ ला गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळं ती १४ सप्टेंबरला आहे. त्या आठवड्यात कुलपं लागलेली घरं उघडतात, चाकरमानी येतात, गाव कितीतरी पटींनी भरतं, आणि प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ कॉल करायचा फोन असतो. शिमग्याला पालखी घरोघरी फिरते तेव्हाही तेच. वापराचा अंदाज बांधणाऱ्या तुमच्या यंत्राला पंचांग माहीत आहे का? की गेल्या वर्षीच्या तारखांवरून ते ऑगस्टअखेरीस गर्दीची वाट बघत बसणार आणि सप्टेंबरात टॉवर झोपवणार? आमच्याकडे हे सांगायला एआय लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पण ते त्या यंत्राला कोणीतरी शिकवावं लागेल.

आता आंबा. एप्रिल-मेमध्ये आमचे बागायतदार रोज मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना एकामागून एक फोन करतात: पेटी निघाली, पेटी पोचली, पैसे आले नाहीत. अनोळखी क्रमांक, छोटे छोटे कॉल, दिवसभर. फोन करण्याच्या अशाच ठेवणीवरून यंत्र फसवे फोन ओळखतं. २०२४ पासून खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक अशी यंत्रणा आणली, आणि तिची गरज मी वर मान्य केलीच आहे. पण आमच्या एका बागायतदाराचा क्रमांक ऐन हंगामात 'संशयित स्पॅम' म्हणून दिसू लागला. गिऱ्हाइकं फोन उचलेनात. हा शिक्का कोणी मारला, कशावरून मारला आणि काढायला कुठं जायचं, हे त्याला हंगाम संपेपर्यंत कळलं नाही. हापूस दोन महिन्यांचा असतो. अपील निकाली निघेपर्यंत रायवळसुद्धा संपतो.

भरपाईचा नियम तर माझ्या डोक्यातच शिरत नाही. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार सेवा सलग २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ मिळते. पण ती सेवा जिल्हा पातळीवर बंद पडली तर. नैसर्गिक आपत्ती असेल तर तेही नाही. म्हणजे अख्खा सिंधुदुर्ग एका दिवसाहून जास्त बंद पडला तर भरपाई, आणि आमच्या तीन वाड्या आठवडाभर बंद राहिल्या तर काही नाही. २८ दिवसांच्या पॅकमधला आठवडा कोणाच्या खिशातून जातो? कुठला फोन साधारण कुठल्या टॉवरखाली असतो हे तुम्हाला माहीत असतं. मग टॉवर बंद राहिला तितके दिवस त्याच्याखालच्या प्रीपेड ग्राहकांची मुदत आपोआप वाढवणं हे तर एआयचंही काम नाही, साध्या बेरजेचं आहे. जाहिरात कोणाला कुठली दाखवायची हे जे यंत्र ठरवू शकतं, ते एवढं करू शकत नाही, हे मी मानणार नाही.

आणि शेवटी तो टॉवरवाला मुलगा, ज्याच्यामुळं मी हे पत्र लिहायला बसले. त्याला ठाऊक आहे की करूळ घाट बंद असला तर बॅटऱ्या घेऊन येणारी गाडी फोंडा घाटानं आणायची. कुठल्या टॉवरचं कुंपण गंजून पडलंय आणि गुरं आत शिरतात, कुठल्या जागेच्या मालकाचं भाडं थकलंय म्हणून तो कुलूप उघडायला टाळाटाळ करतो, कुठं खारं वारं लागून जोड दरवर्षी सडतात, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. इशाऱ्यांच्या पडद्यावर यातलं काहीच येत नाही. 'भाडं थकलं' असा इशारा कुठला टॉवर पाठवतो? यंत्र त्याला मदत करील, वाट दाखवील, पण तीन तालुक्यांत तो एकटा असेल तर बिघाड आधी कळून उपयोग काय? कळलेला बिघाड आणि दुरुस्त झालेला बिघाड यांच्यामध्ये मोटरसायकलवरचा तो मुलगाच असतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांचा संपर्क कित्येक दिवस तुटला होता. मुंबईतली मुलं आईवडील जिवंत आहेत का हे कळायला माणसं पाठवत होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं, तळीयेवर दरड आली. अशा वेळी दूरच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सगळेच ठिपके एकदम विझतात. त्यातला कुठला आधी पेटवायचा हे ठरवायला रस्ता, झाड, पूल आणि माणसं माहीत असावी लागतात. आता धोक्याचे सरकारी इशारे थेट मोबाइलवर वाजतात, चांगलं आहे. टॉवर बंद असेल तर तेही वाजत नाहीत.

जाणती माणसं एकदा गेली की परत येत नाहीत. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलचे ७८,५६९ कर्मचारी बाहेर पडले. ते का आणि बरोबर की चूक, हा वाद इथं नको. पण कुठली केबल कुठल्या बांधाखालून जाते हे ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांच्या डोक्यातला नकाशा त्यांच्याबरोबर घरी गेला. ब्रिटनच्या बीटी कंपनीनं मे २०२३ मध्ये जाहीर केलं की दशक संपेपर्यंत ५५ हजारांपर्यंत नोकऱ्या कमी होतील आणि त्यातल्या सुमारे दहा हजार एआयमुळं जातील. ऐकायला कठोर आहे, पण निदान तोंडावर सांगितलं. आमच्याकडे दालनाच्या शटरवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर ॲप डाउनलोड करायचा चौकोन होता.

ट्रायच्या अध्यक्षांना मुद्दाम आठवण करून द्यायची आहे. आपल्याच प्राधिकरणानं २० जुलै २०२३ रोजी दूरसंचार क्षेत्रातल्या एआयबद्दल शिफारशी केल्या. एआयसाठी स्वतंत्र वैधानिक प्राधिकरण असावं आणि माणसांवर थेट परिणाम करणाऱ्या जोखमीच्या वापरांवर कायद्यानं बंधन असावं, असं त्यात म्हटलं आहे. त्याच महिन्यात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रानं एआय प्रणाली पक्षपाती आहे की नाही हे तपासण्याचं मानकही काढलं. तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही. तुमच्याच कागदांवरचं आमच्या सड्यापर्यंत आणा, एवढंच म्हणते.

मागण्या अशा:

१. बंद टॉवरचे तास 'कमी वापर' म्हणून यंत्राच्या शिकवणीत जाऊ नयेत. ते 'सेवा नव्हती' म्हणूनच मोजावेत, आणि त्या काळात तक्रारी आल्या नाहीत याचा अर्थ तक्रार नव्हती असा धरू नये. दुरुस्तीचा क्रम लावताना पर्यायी टॉवर नसलेली गावं वर असावीत, मग तिथं फोन कितीही थोडे असोत. पत्रातली बाकी एकही मागणी मान्य झाली नाही तरी ही व्हावी.

२. कस्टमर केअरच्या पहिल्याच मेनूत माणसाशी बोलण्याचा पर्याय द्यावा. रेंज नसल्याची तक्रार दुसऱ्या कुठल्याही क्रमांकावरून, ओटीपीशिवाय, गावाच्या नावावर घेतली जावी. ग्रामपंचायतीला एकत्रित तक्रार करता यावी.

३. ग्राहकानं 'हो' म्हटल्याशिवाय यंत्रानं तक्रार बंद करू नये.

४. प्रत्येक तालुक्याला निदान एक टॉवर तंत्रज्ञ, जून ते सप्टेंबर दोन. कंत्राटी असला तरी चालेल, पण तालुक्यातलाच हवा.

५. टॉवरवार बंद राहिलेले तास दर महिन्याला जाहीर करावेत. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ आहे. त्या सरासरीत पुणेही येतं आणि आमची घळही. सरासरी चांगली असल्याचा आम्हाला काही उपयोग नाही. कव्हरेजच्या नकाशात आमचं गाव रंगवलेलं आहे. तो रंग पावसाळ्यात कोणीतरी चालत येऊन तपासावा.

६. भरपाईचं एकक जिल्ह्याऐवजी टॉवर असावं आणि ती न मागता मिळावी.

७. स्पॅमचा शिक्का बसलेल्या क्रमांकाला त्याच दिवशी मेसेज जावा आणि दाद मागितल्यापासून तीन दिवसांत निर्णय व्हावा. बागायतदार, न्याहारी-निवासवाले, होडीवाले यांना हंगामापूर्वी नोंदणी करून घेता यावी.

८. गणपती, शिमगा, गावच्या जत्रा आणि पावसाळा यांचं वेळापत्रक जिल्हा प्रशासनाकडून घेऊन यंत्रात भरावं. त्या काळात वीज वाचवण्यासाठी टॉवर झोपवणं बंद ठेवावं.

९. वादळात एका कंपनीचा टॉवर पडला तर तिच्या ग्राहकांना दुसरीच्या टॉवरवरून बोलता येण्याची सोय जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी गुजरातमध्ये केली होती. कोकण किनाऱ्यासाठी ती १ जून ते ३० सप्टेंबर तयार ठेवावी, वादळ येऊन गेल्यावर आदेश काढू नयेत.

१०. बंद केलेलं सेवा दालन पुन्हा उघडावं. भाडं परवडत नसेल तर आमच्यासारख्या सेवा केंद्रात एक टेबल द्यायला आम्ही तयार आहोत. एआय सहायकही त्या टेबलावर ठेवा, त्याच्या शेजारी माणूस बसवा. मालवणी तो महिन्याभरात शिकेल.

ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही, कंपनीकडं धाडतं, हे मला माहीत आहे. म्हणून ही वैयक्तिक तक्रार नाही. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांच्या ग्रामसभांचे ठराव सोबत जोडले आहेत. ग्राहक आयोगाचा रस्ता दूरसंचार कंपन्यांविरुद्धही खुला आहे असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं, तेही माहीत आहे. तिथं जायची हौस कोणाला नाही, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. पण पावसाळा गेला आणि उत्तर नाही आलं तर जाऊ.

१ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि गावातले पुरुष मोकळे असतात. त्या आठवड्यात देवगडला तहसील कार्यालयात सर्व कंपन्यांच्या तांत्रिक प्रमुखांची बैठक लावावी, अशी विनंती आहे. येताना परिमंडळाची सरासरी आणू नका. आमच्या टॉवरच्या गेल्या पावसाळ्यातल्या नोंदी आणा, आणि ज्यांनी त्या यंत्राला शिकवलं त्यांच्यापैकी एकाला. बैठकीआधी त्याला सड्यावर नेऊन खालच्या वाड्या दाखवायची जबाबदारी माझी.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्र चालक आणि ग्राहक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
एप्रिल २०२६

प्रत माहितीसाठी: जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग, तहसीलदार, देवगड, खाडीकाठच्या सर्व ग्रामपंचायती